थर्लोची बायको

खालच्या फॉल्डनच्या चर्चच्या आवारात, दक्षिणेच्या अंगाला, यूच्या झाडाच्या सावलीत एक दगडी पेटी आहे. पेटीच म्हणतात तिला सगळे. खरं तर ते थडगं. अ‍ॅम्ब्रोज थर्लो नावाचा लोकरीचा व्यापारी तिथं निजला त्याला तीनशे वर्षं होऊन गेली. पेटी कमरेएवढी उंच, चांगली पलंगाएवढी ऐसपैस, आणि वर एकाच अखंड शिळेचं झाकण. बाजूंवर मेंढ्या कोरल्या आहेत, कोपऱ्यांवर लोकरीचे गठ्ठे, आणि मधल्या फळीवर खुद्द थर्लो, हात जोडून. पावसाने त्याचं नाक खाल्लंय, गालांवर दगडफूल चढलंय, तरी चेहरा असा की आत्ता काहीतरी विचारेल. माणूस पेटीत नाही, पेटीखालच्या मातीत आहे, पेटी नुसती पोकळ आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी तिच्याजवळून जाताना भलेभले बाप्ये आवाज खाली आणतात. जेम हॉबडे लोहार पिऊन घरी जाताना सबंध गावाला गाणं ऐकवायचा, पण तेवढ्या पट्ट्यात तोंड मिटून टोपी हातात घ्यायचा.

या थर्लोची बायको म्हणून गाव जिला ओळखायचं, ती त्याच्यानंतर अडीचशे वर्षांनी जन्मली आणि तिचं लग्न कधी झालंच नाही. ती हेप्सी ब्रिंबल. ‘थर्लोची बायको’ हे नाव तिला चिकटवलं लेटी पिंचिनने, आणि ही गोष्ट जेवढी हेप्सीची तेवढीच लेटीचीही आहे.

लेटी म्हणजे बेकरीवाल्याची बायको. नवरा सायलस पहाटे भट्टी पेटवायचा आणि लेटी दिवसभर दुकान आणि गाव, दोन्ही चालवायची. गोल चेहरा, कोपरापर्यंत पीठ, आणि जिभेला हाड म्हणून नाही. मनाने वाईट नव्हती. पण ज्याला स्वतःला कधी भूक लागली नाही त्याला भुकेल्यांच्या चुका फार चटकन दिसतात, त्यातली ती होती.

सेंट थॉमसचा सण डिसेंबरात येतो, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी. त्या दिवशी थर्लोच्या शेताच्या उत्पन्नातून पाव भाजायचे आणि त्याच्या शिळेवर मांडायचे, अशी त्याची मरतानाची इच्छा. पाव पिंचिनांच्या भट्टीतून जायचे आणि लेटी स्वतः टोपलीतून नेऊन मांडायची. थर्लो मोठा धोरणी माणूस. कोणी कोणाला द्यायचं नाही, असं त्याने बजावून ठेवलेलं. ज्याला हवा त्याने आपल्या हाताने उचलायचा, आणि बाराची घंटा होईपर्यंत पाद्रीने चर्चच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे घेणाऱ्याला लाजायला नको. उरतील ते पाव पाखरांना. आता पाद्री बिचारे इमानाने पाठ फिरवायचे. पण गावाने पाठ फिरवावी असं लिहायचं थर्लोच्या डोक्यात आलं नाही, आणि गाव आवाराच्या बुटक्या भिंतीवर कोपरं टेकून डोळे फाडून बघत उभं राहायचं.

त्यामुळे व्हायचं असं, की ज्यांना पाव हवा असायचा ते पेटीकडे यायचेच नाहीत. ते आपापल्या माणसांच्या कबरींपाशी यायचे. कोणी शेवाळ खरवडतोय, कोणी पाचोळा वेचतोय, कोणी आज्याच्या दगडावरचं नाव जन्मात पहिल्यांदाच दिसल्यासारखं वाचतोय. पूर्वजांची एवढी सेवा वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी होत नसे. सगळ्यांचं चित्त पेटीकडे आणि पहिलं पाऊल मात्र कोणी टाकायचं नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. त्या आवारात दोघी बहिणी हातात हात घालून उभ्या असायच्या.

मग फाटक करकरायचं आणि हेप्सी यायची. उंच, हाडापेराची, पायात पुरुषी बूट, डोक्यावर रविवारची काळी टोपी आणि टोपीत तितराचं पीस. पाद्रीबंगल्याची आणि वरच्या मोठ्या शेतघराची धुणी ती धुवायची. हात बारा महिने लाल, कामाला तोटा नाही, आणि खाणारं तोंड एकटं. तिच्या चुलीवर खारवलेलं मांस टांगलेलं गावाने बघितलेलं होतं. म्हणजे उपाशी खासच नव्हती. तरी ती धाडधाड पावलं टाकत यायची, डावा हात शिळेच्या कडेवर टेकायची, उजव्याने सगळ्यात फुगलेला पाव उचलायची आणि तिथंच उभ्या उभ्या त्याचा लचका तोडायची.

“मीठ कमी पडलंय, पिंचिनबाई!” भिंतीकडे बघून ती ओरडायची. मग पाव काखेत मारून, मागं वळून न बघता, आली तशी निघून जायची.

“बघा, बघा जरा,” लेटी म्हणायची. “काल संध्याकाळीच माझ्याकडून पाव नेलाय हिने. अख्खा! आणि आज गरिबाच्या तोंडचा उचलतेय. आव तर असा, की नवऱ्याच्या घरातलं घेतेय. थर्लोची बायको मेली!”

भिंतीवरची माणसं खो खो हसली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पोरं धुण्याच्या दोरीखालून ओरडायची, “थर्लोणबाई, नवरा कसाय?” हेप्सी तोंडातला चिमटा काढून म्हणायची, “झक्कास. तुझ्या बापासारखा घोरत नाही.”

ती गेल्यावर थोड्या वेळाने लेटी टोपली न्यायला यायची तेव्हा शिळेवर एकही पाव उरलेला नसायचा. “एकीने तोंड घातलं की दहा जणांना चटक लागते,” असं म्हणत लेटी पावाचा चुरा झटकायची. ती नेहमी उत्तरेच्या बाजूने यायची, फाटकाकडून तीच बाजू जवळ. घेणारे दक्षिणेकडून यायचे, कारण कबरी तिकडे. पेटीची ती बाजू लेटीने कधी निरखून बघितलीच नव्हती.

मग गावात नवे पाद्री आले. एलाकॉट त्यांचं नाव, तरुण, सडपातळ, गरिबांसाठी जीव तुटणारे. लेटीने पहिल्या हिवाळ्यातच त्यांना गाठलं.

“पाद्रीसाहेब, बोलू नये, पण तुमच्याच घरची धोबीण आहे. पोटभर खाते आणि थॉमसच्या सणाला सगळ्यांच्या आधी पाव उचलते. मग खऱ्या गरिबांनी करायचं काय?”

“दर वर्षी, मिसेस पिंचिन?”

“दर वर्षी! आणि वर माझ्या पावाला नावं ठेवते.”

एलाकॉटसाहेबांना ते फार लागलं. पुढच्या रविवारी त्यांनी व्यासपीठावरून नाव न घेता सांगितलं, की ज्याच्या घरची चूल पेटते आहे त्याने थर्लोच्या शिळेला हात लावू नये, ते पाव खऱ्या गरजवंतांचे आहेत. सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. हेप्सी प्रार्थनेच्या पुस्तकात बघत होती. तिचे कान तिच्या हातांइतके लाल झाले होते.

त्या थॉमसला ती आली नाही. लेटीने पाव मांडले, पाद्रींनी पाठ फिरवली, कबरींची सेवा सुरू झाली. शेवाळ खरवडून संपलं. पाचोळा वेचून संपला. घंटा झाली. एकाही पावाला हात लागला नव्हता. पाद्रींनी वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“याचा अर्थ, मिसेस पिंचिन, आपल्या गावात आता गरज उरलेली नाही!”

“मी म्हटलं नव्हतं? एक हावरट होती, एवढंच.”

एल्मच्या झाडावरचे कावळे खाली उतरले आणि शिळेवर त्यांची एकच झुंबड उडाली. म्हातारा एमस टक फाटकाकडे जाताना लेटीच्या अंगावरून गेला. त्याचा जबडा हलत होता, पण तोंडात काही नव्हतं. दात गेले की म्हातारी माणसं असं करतात, असं लेटीच्या मनात आलं आणि ती टोपली उचलून घरी गेली.

पुढच्या शरदात सायलस पिंचिन गेला. पीठ छातीत बसलं होतं, उन्हाळाभर खोकला, सफरचंदं उतरवायच्या दिवसांत सगळं संपलं. बाईमाणसाच्या हाती भट्टी कशी द्यायची, असं जागेच्या मालकाला वाटलं आणि त्याने बेकरी वरच्या फॉल्डनच्या एकाला दिली. लेटी तीन मुलींना घेऊन गिरणीच्या गल्लीतल्या टोकाच्या खोपटात गेली. शहरातून गाडीवाला कातड्याचे कापलेले तुकडे आणायचा आणि ती त्यांचे हातमोजे शिवायची. डिसेंबरात नदी चढली, पूल गेला, गाडी यायची थांबली. घरात बटाटे होते तोवर बटाटे, मग सालं. धाकट्या दोघी रडायच्या ते परवडायचं. थोरली प्रुडन्स मागायचीच थांबली, ते लेटीला बघवेना.

शेजारी दगड नव्हते. एक शब्द टाकला असता तर कोणीही काही दिलं असतं. पण जिने जन्मभर दुकानाच्या फळीमागून गावाची मापं काढली, तिची जीभ ‘दे’ म्हणायला वळेना. थॉमसचा दिवस उजाडला तेव्हा मात्र ती उठली, काळी शाल घेतली आणि चर्चकडे चालायला लागली. पेटीकडे नाही जायचं, सायलसच्या कबरीकडे जायचं, असं स्वतःला बजावत.

सायलसला अजून दगड बसला नव्हता. शेवाळ नाही, पाचोळा नाही, वाचायला नाव नाही. ती नुसती मातीची ढेकळं इकडची तिकडे करत बसली. करता करता तिने मान वर केली आणि आसपासची माणसं बघितली. एमस टक आपल्या बायकोच्या दगडापाशी. गुराख्याची रूथ, कडेवर मूल, सासूच्या दगडापाशी. छपरं शाकारणारा, पायाने अधू झालेला डॅन. हीच माणसं वर्षानुवर्षं याच दिवशी याच जागी तिला दिसत आली होती आणि तिला वाटायचं, किती भाविक आहेत ही! जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. लेटी वंशात आली होती.

शिळेवर नव्या बेकरीवाल्याचे पाव होते. थंडीत त्यांची वाफ दिसत होती. वास तर असा, की डोळ्यांत पाणी यावं. भिंतीवर कोपरं टेकलेली होती, मध्ये जेम हॉबडे, आणि त्याच्या शेजारी, लेटीच्या ठरलेल्या जागी, नव्या बेकरीवाल्याची बायको. पाद्री भिंतीकडे तोंड करून उभे होते. उठावं, चार पावलं टाकावी, हात पुढं करावा, एवढंच करायचं होतं. लेटी ढेकळं चाळत राहिली. कोणीतरी पहिलं जावं, मग मी जाईन, असं ती म्हणत होती. आजूबाजूला सगळेच तसं म्हणत होते आणि पहिलं जाणारं जे एक माणूस गावात होतं त्याच्यावर तिनेच बंदी आणली होती. हे तिला त्या ढेकळांत बसून कळलं.

घंटा वाजवणारा मनोऱ्याच्या दारातून आत गेला. कावळे यूच्या झाडावर येऊन बसले, गेल्या वर्षीची चव त्यांच्या ध्यानात होती. लेटीच्या डोळ्यांपुढे प्रुडन्स उभी राहिली, रिकाम्या टेबलाशी शहाण्यासारखी हात बांधून बसलेली.

आणि फाटक करकरलं.

काळी टोपी, तितराचं पीस, पुरुषी बूट. बुटांचा आवाज पाद्रींनीही ओळखला असणार, कारण त्यांचे खांदे ताठ झाले. त्यांनी मनाई केलेलं माणूस त्यांच्या पाठीमागून चाललं होतं. पण घंटेआधी पाद्रीने वळायचं नाही, हे तीनशे वर्षांचं बंधन, आणि त्यांना वळता येईना.

“काय गं थर्लोणबाई!” हॉबडे भिंतीवरून ओरडला. “पाद्रीसाहेबांनी तर काडीमोड करून दिली होती ना?”

“नवरा-बायकोच्या मधे पडणाऱ्याचं कधी भलं झालंय का, जेम?” हेप्सीने जाता जाता सांगितलं. भिंत हसून हसून लोळायची बाकी राहिली. तिने डावा हात टेकला, उजव्याने पाव उचलला, लचका तोडला. “ह्यॅ! मीठ जास्त झालंय. पिंचिनांचा पाव बरा होता!” असं सगळ्या आवाराला ऐकवलं आणि मागं न बघता निघून गेली.

भिंत अजून हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती. आणि तेवढ्यात एमस टकने पाऊल उचललं. मग रूथने. मग डॅनने. कोणाचं तिकडे लक्षच नव्हतं.

लेटीला आपण कधी उठलो ते कळलं नाही. ती शिळेपाशी पोचली तेव्हा पलीकडच्या कडेचे पाव उरले होते. पेटी रुंद, वाकल्याशिवाय हात पोचेना. तोल सांभाळायला तिने डावा हात शिळेच्या कडेवर टेकला आणि तिचा तळवा एका खळग्यात बसला.

तिने खाली बघितलं. शिळेची कड तेवढ्या जागी झिजली होती, गुळगुळीत, घराचा जुना उंबरा झिजतो तशी. खळगा बरोबर तळव्याएवढा होता. बोटं कुठं जातात, अंगठा कुठं, सगळं ठरलेलं. छिन्नीने केलेला नव्हता तो. वर्षातून एकदा, एका थंड सकाळी, वाकताना टेकलेल्या हातांनी केला होता. तिच्या आज्याच्या आज्याच्याही आधीपासूनचे हात. दुष्काळ आले, रोगराया आल्या, राजे गेले, आणि भुकेचा हात दर वर्षी इथंच टेकला. इतकी वर्षं लेटी टोपली घेऊन या शिळेशी आली होती आणि हे तिला माहीतच नव्हतं. आपण आज कोणामागे रांगेत उभ्या आहोत हे मनात आलं आणि तिची लाज कुठल्या कुठं गेली. तिने पाव उचलला. नाक नसलेला थर्लो हात जोडून समोर बघत होता आणि तिला वाटलं, हा हात देवाला जोडत नाहीये, आपल्याला जोडतोय.

मुलींना खाऊ घालून ती दुपारीच हेप्सीकडे गेली. हेप्सी इस्त्रीवर होती. टेबलावर तो अर्धा पाव होता.

“ये. दार लाव, गारठा येतो.”

लेटी दाराशीच उभी राहिली. “हेप्सी, पाद्रींना मी सांगितलं होतं.”

“ठाऊक आहे. त्यांचे शर्ट मी धुते, त्यांच्या स्वयंपाकघरात मला सगळं कळतं.”

“मग गेल्या वर्षी आली नाहीस, आज का आलीस?”

“गेल्या वर्षी राग आला होता.” हेप्सीने इस्त्री शेगडीवर टेकवली. “वर्षभर त्या रागाची लाज वाटली. हे धर टोक.”

तिने चादरीचं टोक लेटीच्या हातात दिलं आणि दोघी चादर घडी करायला लागल्या.

“मी लहान होते,” हेप्सी म्हणाली. “आई आज्याच्या दगडापाशी उभी, मी तिचा झगा धरून. त्या वर्षी कोणी हललं नाही. घंटा झाली, कावळे उतरले, आई म्हणाली चल. घरी माझा धाकटा भाऊ जॉब होता, अंगावर पिणारा. आईलाच काही नाही तर त्याला कुठून येणार? वसंत बघायला राहिला नाही तो. नीट ओढ की गं, सुरकुती पडतेय.”

लेटीने टोक ओढलं.

“मोठी झाले, हाताला काम आलं, पोट भरायला लागलं. मग एका थॉमसला मनात आलं, की ज्याला गरज नाही त्याला लाज कशाची? आपण जाऊ. काय हसायचं ते आपल्याला हसतील. एकदा मला हसून दमले की दुसऱ्यांना हसायला त्यांच्याकडे काही उरत नाही.” ती गालात हसली. “तू ठेवलेलं नाव फार कामी आलं हो. त्याच्याआधी त्यांना हसवायला मला लई खटपट पडायची.”

“आणि आदल्या दिवशी माझ्याकडून न्यायचीस तो पाव?”

“मी एक उचलला तर शिळेवर एक कमी नाही का होत? तो एमसच्या खिडकीत ठेवून येते. दोन पाव लागतात त्याला, थोराड आहे.”

लेटीने चादरीची घडी टेबलावर ठेवली. इतकी वर्षं तिने स्वतःच्या हाताने तो पाव कागदात बांधून दिला होता, आणि बांधताना दर वेळी नाक मुरडलं होतं.

“मागं का बघत नाहीस कधी?” शेवटी तिने विचारलं.

“मागं बघितलं की ते थांबतात,” हेप्सी म्हणाली. “थोरलीला सोमवारी पाठव. पिळायला हात कमीच पडतात मला.”

वर्षं गेली. लढाई आली आणि गावातले किती तरी बाप्ये घेऊन गेली. एलाकॉटसाहेब गेले, दुसरे आले. प्रुडन्सने वरच्या फॉल्डनहून आलेल्या त्या बेकरीवाल्याच्या मुलाशी लग्न केलं आणि भट्टी पुन्हा लेटीच्या नजरेखाली आली. थॉमसचे पाव पुन्हा तीच मांडायला लागली, आणि मांडून झाले की भिंतीशी जाऊन सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायची. “आली बघा थर्लोची बायको!” असं ती ओरडायची आणि हेप्सी तिच्या पावाला नावं ठेवायची. त्या नाटकात दोघी इतक्या तयार झाल्या होत्या की लांबलांबून माणसं बघायला यायची. लढाईहून परत आलेल्यांना काम नव्हतं. कबरींपाशी पूर्वी नव्हती एवढी गर्दी व्हायला लागली, आणि शिळा दर वर्षी रिकामी व्हायची.

मग एका हिवाळ्यात हेप्सी अंथरुणाला खिळली. पाय गेले. थॉमसच्या आदल्या दिवशी लेटी सूप घेऊन गेली तर ही उशीवरून उठायला बघतेय.

“मला खुर्चीत घाला आणि न्या.”

“चार माणसं तुला खुर्चीतून पावापर्यंत नेणार, आणि गाव हसणार होय? रडायला लागेल गाव.”

हेप्सीला ते पटलं असावं. ती परत उशीवर टेकली. “मग?” ती म्हणाली. लेटीने सूप ढवळलं आणि चमचा तिच्या तोंडाशी नेला.

दुसऱ्या दिवशी तिने पाव मांडले. रिकामी टोपली फाटकापाशी ठेवली. पण भिंतीशी गेली नाही. फाटकाबाहेर जाऊन तिने शालीखालची आपली रविवारची टोपी काढून डोक्यावर घातली. आवारात माणसं शेवाळ खरवडत होती. एका हाताचा कोणी एक, लष्करी कोट घातलेला, भावाच्या दगडासमोर उभा होता. त्याच्या मागे एक बाई आणि दोन मुलं. लेटीने फाटकाला हात घातला आणि ते करकरलं.

ज्याला गरज नाही त्याला लाज कशाची, असं हेप्सी म्हणाली होती. साफ खोटं होतं ते. लेटीच्या घरी भट्टीभर पाव होते, आणि तरी त्या वाटेवर पहिलं पाऊल टाकताच तिचे कान पेटले. सगळे डोळे तिच्या पाठीत रुतले. उलट फिरून पळावं असं वाटलं. भुकेच्या दिवशी तिला शिळेपाशी पोचायला भूक तरी मागून ढकलत होती. आज ढकलायला काही नव्हतं. ती अर्ध्या वाटेत आली आणि तिच्या लक्षात आलं, की हेप्सी दर वर्षी, सगळं आयुष्य, ही वाट अशीच चालली होती. कोणाला न कळू देता, टोपीत पीस खोवून.

तिने तळवा खळग्यात टेकला. तो जागेवर बसला. तिने पाव उचलला, लचका तोडला, आणि सगळ्या ताकदीने ओरडली, “मीठ विसरले की काय पिंचिन लोक!”

मग जेमचा मुलगा, तोही लोहार, मोठ्याने म्हणाला, “घ्या! म्हाताऱ्याने दुसरी केली!”

“पहिलीला विचारून केलीय!” लेटीने सांगितलं.

भिंत फुटली. असं हसू फॉल्डनमध्ये लढाईच्या आधीपासून कोणी ऐकलं नव्हतं. त्या हसण्यातून लेटी पाव काखेत मारून निघाली. मान वळवायची फार इच्छा होत होती. तिने वळवली नाही.

हेप्सी दाराकडे डोळे लावून पडली होती. लेटीने पाव तिच्या पांघरुणावर ठेवला. हेप्सीने तो हाताने चाचपला, चावलेली जागा बोटाने बघितली.

“हसले?”

“पोट धरधरून.”

“आणि मागून आले?”

“मी मागं बघितलं नाही. पण वाळूवर पावलं वाजली. पुष्कळ वाजली, हेप्सी.”

हेप्सीने डोळे मिटले. लेटीने चहा ओतला, पावाचा मऊ भाग मोडून त्यात बुडवला आणि तिला एकेक घास भरवायला लागली. दोन घास झाल्यावर तिच्याने राहवेना.

“तू माझ्याशी खोटं बोललीस. गरज नसली तरी वाटते लाज. जीव जातो की काय असं होतं.”

हेप्सीने तोंडातला घास गिळला आणि तिच्याकडे बघितलं.

“तुलाही वाटली?” ती म्हणाली. “मला वाटायचं, मला एकटीलाच वाटते.”